रक्त द्यायला येण्याआधी: कायमची औषधं घेणाऱ्यांसाठी

बीपी, शुगर, थायरॉईड, संधिवात, फिट्स अशा आजारांवर वर्षानुवर्षं गोळ्या घेणारे बरेच जण आमच्या लॅबमध्ये ठरावीक महिन्यांनी येतात. नाव, वय, डॉक्टरांचं नाव सगळे सांगतात. शेवटची गोळी कधी घेतली, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. रिपोर्टचा अर्थ लावताना नेमकं तेच लागतं.

मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवर देतात त्या लिथियमचंच बघा. त्याची रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी मोजतात. एक गृहस्थ रक्त देऊन झाल्यावर बाही खाली करता करता म्हणाले, "आज आठवणीने गोळी घेऊनच निघालो." ते सॅम्पल आम्ही मशीनवर लावलं नाही. लावलं असतं तर पातळी उगाच जास्त दिसली असती आणि नीट बसलेला डोस कदाचित कमी झाला असता. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली, याचं आम्हाला वाईट वाटलं. तेव्हापासून सुईचं पाकीट फोडण्याआधी आम्ही गोळीची वेळ विचारतो.

फिट्सवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनची पातळी साधारणपणे सकाळच्या डोसआधी बघतात. थायरॉईडची गोळीही रक्त देऊन मग घेतलेली बरी. तिचा डोस बदलला असेल तर टीएसएच (थायरॉईडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) स्थिरावायला ६ ते ८ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत धावत येऊन काही कळत नाही. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर तेही सांगा. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, म्हणून किमान दोन दिवस आधी ते थांबवायला सांगतात.

उपाशी यायचं का? फास्टिंग शुगरसाठी हो. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर), टीएसएच, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) यांना गरज नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी विनाकारण उपाशी राहू नये. रांगेत थरथर सुटली, घाम फुटला, तर नंबराची वाट न बघता लगेच सांगा.

प्रत्येक औषधाची तपासणी वेगळी असते. बीपीच्या रामिप्रिल, टेल्मिसार्टन या गोळ्या सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि किडनी, तेही सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी. बरं वाटतंय म्हणून ही फेरी चुकवू नका, कारण पांढऱ्या पेशी कमी होत असल्या तरी सुरुवातीला त्रास जाणवेलच असं नाही. संधिवातावरच्याच हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. ते काम नेत्रतज्ज्ञांचं, आमचं नाही.

आणि जुने रिपोर्ट आणाच. क्रिएटिनिन गेल्या वर्षी ०.८ होतं, आज १.२ आलं, तर दोन्ही आकडे छापलेल्या मर्यादेत बसू शकतात. पण वाढ दीडपट आहे, आणि ती जुना कागद शेजारी ठेवल्यावरच दिसते. असा फरक दिसला की आम्ही रिपोर्टवर तशी नोंद करतो. डॉक्टरांना तो दाखवा. तोवर गोळी स्वतःहून बंद करू नका.

गोळ्यांची नावं लक्षात राहत नसतील तर नव्या पट्टीचा, नाव आणि मिलिग्रॅम छापलेल्या बाजूचा, फोटो मोबाईलवर काढून ठेवा. अर्धी कापलेली पट्टी आणली की बहुतेक वेळा नेमकं नावच गेलेलं असतं.