मखराचे उरलेले कागद माळ्यावर कधी टाकावेत?

२०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि ठाण्यातली घरगुती मखरं पुठ्ठ्याकडे, कार्डशीटकडे वळली. विसर्जन झालं की उरलेले अर्धे ताव, क्रेपच्या गुंडाळ्या, घोटीव कागदाचे तुकडे प्लास्टिकच्या डब्यात भरायचे, झाकण घट्ट लावायचं आणि डबा माळ्यावर. दिवाळीत आकाशकंदिलासाठी तो खाली काढावा, तर कुबट वास, लहरलेल्या कडा आणि पांढऱ्या कागदावर तपकिरी ठिपके. मग महागातला हवाबंद डबा आणला जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, कारण चूक डब्यात नव्हतीच. तो भर पावसाळ्यात बंद केला गेला होता.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची दाटीवाटी. सेल्युलोजच्या रेणूवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याचे रेणू धरून ठेवतात. हवा दमट झाली की कागद पाणी घेतो, कोरडी झाली की सोडतो. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना साध्या कागदात वजनाच्या साधारण ६-७ टक्के पाणी असतं. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ते १०-११ टक्के होतं. ८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या, ५०० ए-फोर कागदांचं रीम अडीच किलोचं. म्हणजे खाडीवरून येणाऱ्या पावसाळी हवेत एका रिमात शंभरेक ग्रॅम पाणी जास्तीचं मुरतं. हाताला मात्र कागद कोरडाच लागतो.

आता हे रीम वीस लिटरच्या डब्यात बंद करा. आतल्या दमट हवेत वाफ असते जेमतेम अर्धा ग्रॅम, कागदात पाणी अडीचशे ग्रॅम. त्यामुळे डब्यातली आर्द्रता किती राहणार हे हवा नाही, कागद ठरवतो. ६५-७० टक्क्यांच्या वर ती टिकून राहिली की बुरशीचे बीजाणू रुजायला लागतात. झाकण जितकं घट्ट, तितकी ही ओल आत मुक्कामाला.

बुटांच्या खोक्यातून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांवर लोकांचा भारी विश्वास असतो. पाच ग्रॅमची पुडी फार तर दोन ग्रॅम पाणी शोषते. शंभर ग्रॅम काढायचं तर पन्नासच्या वर पुड्या लागतील! कोरडा कागद भरलेल्या डब्यात झाकणाच्या फटीतून येणारी थोडीशी ओल टिपायला त्या ठीक आहेत. जुन्या निळ्या दाण्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, तेव्हा ते मुलांच्या हाती पडू देऊ नयेत.

म्हणून गणपतीनंतर कागद जाळीच्या क्रेटमध्ये, वर सुती फडकं टाकून, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीपासून हातभर लांब ठेवावा. पंख्याचा वारा लागला तर उत्तमच. दिवाळी उलटून जमिनीवरचे कोरडे वारे सुरू झाले, की चार-सहा दिवस गठ्ठे सैल करून ठेवावेत आणि एखाद्या दुपारी डबा बंद करावा. दिवसातली सापेक्ष आर्द्रता सहसा दुपारीच सर्वांत कमी असते. उन्हात मात्र घालू नये, रंग उडतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे कामाला येतो: तोच गठ्ठा रोज तोलावा, वजन उतरायचं थांबलं की भरावा.

कडा लहरतात किंवा कागदाची सुरळी होते, त्याचंही मूळ पाण्यातच. ओला तंतू रुंदीत १५-२० टक्के फुगतो, लांबीत जेमतेम १-२ टक्के. कारखान्यात लगदा धावत्या जाळीवर पसरतो, तेव्हा बरेचसे तंतू धावेच्या दिशेने झोपतात. त्यामुळे ताव त्या दिशेला आडवा जास्त फुगतो. तुकडा फाडून पाहावा: सरळ फाटला ती तंतूंची दिशा. उरलेल्या तुकड्यांवर पेन्सिलीने तसा बाण काढून ठेवला आणि पुढच्या कंदिलाची घडी बाणाच्या दिशेने घातली, तर ती तडकत नाही. जाड कार्डशीट आडवीच ठेवावी. अर्धवट भरलेल्या उभ्या खणात ती वाकते आणि तशीच राहते.

वर्तमानपत्र आणि खाकी पुठ्ठा चांगल्या कागदाला लावून ठेवू नये. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, ते पिवळं पडताना आम्लं तयार होतात आणि शेजारच्या तावात उतरतात. लग्नपत्रिकांचा गठ्ठा तर वेगळाच ठेवावा, कारण खळीच्या आणि गोंदाच्या वासावर कसर येते. आणि रबरबँड नको. आपल्या उकाड्यात रबर आधी चिकट होतं, मग कडक होऊन कागदालाच डसतं. त्याच कागदाची एक पट्टी कापून गठ्ठ्याभोवती गुंडाळावी आणि पट्टीचं टोक पट्टीलाच चिकटवावं.