युद्धनौका म्हातारी होते ती पत्र्यातून

आयएनएस खुकरी ही कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, माझगाव गोदीत बांधली गेली. २३ ऑगस्ट १९८९ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमला निवृत्त झाली. तोफा, रडार, इंजिनं बदलता येतात. नौकेचं वय खरं मोजायचं ते तिच्या अंगाच्या पोलादी पत्र्यावर.

सुमारे ९१ मीटर लांबीच्या या वर्गात वेग हवा म्हणून वजन कमी ठेवतात आणि वजन कमी म्हणून पत्रा पातळ. ८ मिलिमीटरच्या पत्र्यातून २ मिलिमीटर गंजून गेले की पाव जाडी गेली. मालवाहू जहाजाच्या १६ मिलिमीटरच्या पत्र्यातून तेवढेच गेले तर फक्त आठवा हिस्सा जातो. साधारण पाव जाडी गेली की पत्रा बदलायची वेळ येते.

नौकेला ढकलणारा पंखा कांस्यासारख्या मिश्रधातूचा, बुडाचा पत्रा पोलादाचा आणि भोवती खारं पाणी. म्हणजे विद्युतघट (बॅटरी) तयारच. त्यात पोलाद झिजतं. म्हणून सुकाणू-पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवतात, ते आधी विरघळतात. रंगाऱ्यानं घाईत ठोकळ्यावरच रंग मारला की ते निकामी. दोन वर्षांनी सुक्या गोदीत (जिथलं पाणी काढून नौका दुरुस्त करतात) ठोकळा कोरा करकरीत दिसला तर खूश होऊ नये. त्याचा पत्र्याशी विद्युतसंपर्क तुटला असण्याची शक्यता मोठी.

तरी बाहेरून दिसणारा गंज परवडला. जास्त नुकसान आतून होतं: इंजिनाखालच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट भागात, जिथे तेल-पाणी साचतं आणि ब्रश पोचत नाही, तसंच भटारखाना आणि न्हाणीघरांच्या फरशीखाली. जाडी मोजायला रंग खरवडून जेल लावतात आणि श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनिलहरी सोडतात. पोलादात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर. ८ मिलिमीटर जाऊन परत यायला २.७ मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनी लवकर आला तर पत्रा झिजला.

पत्रा कापणं सोपं, त्यामागचं उचकटणं महाग. केबल, नळ, उष्णतारोधक थर काढायचा. शेजारी इंधनाची टाकी असेल तर ती रिकामी करून, धुऊन, वायूची चाचणी घ्यायची, मगच वेल्डिंग. नव्या तुकड्याचे कोपरे गोलाकार ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो. वरून ठिगळ मारण्याचा मोह गोदीत नेहमीचाच, पण फटीत पाणी शिरलं की आतल्या आत गंज वाढतो.

प्रत्येक दुरुस्तीत नवी उपकरणं आणि रंगाचे थर चढून वजनही वाढतं. वजन वर चढलं तर नौका लाटेत सावकाश सावरते. म्हणून डेकवर ठरावीक वजनं एका बाजूला सरकवून, टांगलेला ओळंबा किती कलतो ते पाहून स्थैर्य पुन्हा मोजतात.

तरीही निवृत्तीचं वय पक्कं नसतं. याच वर्गातली कृपाण १९९१ साली दाखल झाली. जुलै २०२३ मध्ये भारतानं ती शस्त्रास्त्रांसह व्हिएतनामला दिली. म्हणजे ३२ वर्षांच्या नौकेवर आणखी खर्च करायचा की नाही, हे पत्र्याइतकंच सुटे भाग मिळण्यावर आणि घेणाऱ्याच्या गरजेवर ठरतं.