न मागवलेल्या लायब्रऱ्यांचा हिशेब

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एखाद्या कार्यालयात पैसे पाठवण्याचे अ‍ॅप तयार होते, तेव्हा त्यातला बराचसा कोड तिथे बसलेल्या कोणी लिहिलेला नसतो. तारखा हाताळणे, नेटवर्कवरून माहिती मागवणे, नोंदी ठेवणे अशा कामांसाठी इतरांनी लिहून खुल्या केलेल्या लायब्रऱ्या वापरल्या जातात. प्रोग्रामर आपल्या यादीत मोजक्या लायब्रऱ्यांची नावे लिहितो. पण त्यांपैकी प्रत्येकीला आणखी काही लायब्रऱ्या लागतात, त्यांना आणखी काही, आणि बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारे अ‍ॅप बनवण्याची प्रक्रिया, पूर्ण होईपर्यंत संगणकावर अनेकदा शेकडो लायब्रऱ्या उतरलेल्या असतात. या न मागता आलेल्या लायब्रऱ्यांवर लक्ष ठेवणे मला बिल्डमधले सर्वांत दुर्लक्षित काम वाटते.

खरी अडचण येते ती एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांची गाठ पडते तेव्हा. समजा, अ‍ॅपमधल्या पेमेंटच्या लायब्ररीला नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीची १.४ ही आवृत्ती हवी आहे आणि अहवाल बनवणाऱ्या लायब्ररीला २.० हवी आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेत सहसा दोहोंपैकी एकच आवृत्ती चालते. मेव्हन ही बिल्ड प्रणाली अवलंबित्वाच्या झाडात मुळाला जवळची असलेली आवृत्ती निवडते, मग ती जुनी का असेना. ग्रेडल मात्र एरवी त्यांतली सर्वांत नवी घेते. दोन्ही ठिकाणी बिल्ड बहुधा विनातक्रार पूर्ण होते, आणि जे फंक्शन निवडलेल्या आवृत्तीत उरलेलेच नाही त्याला हाक मारली जाते तेव्हा, म्हणजे ग्राहक अ‍ॅप वापरत असताना, ते कोसळते. सर्वांच्या अटी एकदम पाळणाऱ्या आवृत्त्या शोधणे हे गणिती दृष्टीनेही अवघड कोडे आहे: सर्वसाधारण स्वरूपात ते ‘एनपी-कम्प्लीट’ वर्गात मोडते, म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

म्हणून एकदा सापडलेले उत्तर लिहून ठेवणे शहाणपणाचे. एनपीएम (जावास्क्रिप्टसाठी) किंवा कार्गो (रस्ट भाषेसाठी) ही लायब्रऱ्या उतरवणारी साधने तयार करत असलेल्या लॉक फाइलमध्ये प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती आणि उतरवलेल्या पॅकेजचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, नोंदलेला असतो, त्यामुळे आजच्या आणि सहा महिन्यांनंतरच्या बिल्डमध्ये त्याच लायब्रऱ्या येतात. अ‍ॅपच्या बाबतीत ही फाइल कोडसोबत जपून ठेवलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र लायब्ररी मुळात उपलब्ध राहील, याची हमी ती देत नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले आणि जगभरातली असंख्य बिल्ड अडली. संस्था लायब्रऱ्यांच्या प्रती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

फाइल बदललेली नाही हे हॅश सांगतो. ती प्रामाणिक आहे की नाही, हे त्याला कळत नाही. २०२४ मध्ये फाइलींचा आकार लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या अधिकृत आवृत्त्यांमध्येच चोरवाट घुसवलेली आढळली, आणि तीही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्याच्या, लॉगिनला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदाच्या जादा वेळाचा पाठपुरावा केला म्हणून. उलट लॉक करून वर्षानुवर्षे हात न लावणेही धोक्याचेच, कारण जुन्या आवृत्तीत नंतर सापडलेली भोके तशीच राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतला गंभीर दोष उघड झाला, तेव्हा ती आपल्या कोणकोणत्या प्रणालींत आहे हेच अनेक संस्थांना शोधत बसावे लागले, कारण कितीतरी ठिकाणी ती कोणीतरी दुसरीच लायब्ररी सोबत घेऊन आली होती.

मुंबईत मुख्यालय असलेल्या सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबरसुरक्षा चौकटीत सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, म्हणजे ‘एसबॉम’, समाविष्ट केली, हे म्हणूनच स्वागतार्ह आहे. ही यादी हाताने लिहू नये. प्रत्येक बिल्डबरोबर ती आपोआप तयार व्हावी, अन्यथा पुढच्या अपडेटलाच ती शिळी होते.