लॉर्ड ऑफ द रिंग्जचं धार्मिक वाचन

जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (तीन खंड, १९५४-५५) ख्रिस्ती, त्यातही कॅथलिक श्रद्धेच्या अंगाने वाचायची की आपली नुसती गोष्ट म्हणून वाचायची, या वादाबद्दलची ही नोंद. गंमत म्हणजे हा विषय पुस्तक बाजारात यायच्या आधीच निघाला होता, आणि पुस्तकात धर्म शोधायला गेलं तर वरवर हाताला काहीच लागत नाही. एवढं मोठं जग, त्यातल्या भाषा, वंशावळी, नकाशे, कॅलेंडरसुद्धा, पण मुख्य कथेत ना देऊळ, ना चर्च, ना कुणी पुजारी. हॉबिट म्हणजे या जगातले ठेंगणे, साधे गावकरी, ते वाढदिवस आणि जेवणावळी दणक्यात करतात पण हात जोडून बसलेला हॉबिट काही सापडत नाही.

हे चुकून राहून गेलेलं नाही, मुद्दाम काढलेलं आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघातले रॉबर्ट मरे टोल्किनचे स्नेही, त्यांनी पुस्तक छपाईआधीच वाचलं होतं. त्यांना डिसेंबर १९५३ मध्ये लिहिलेल्या पत्रात टोल्किन सांगतात की हे पुस्तक मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी ते नकळत तसं झालं, मग पुन्हा लिहिताना समजून-उमजून, आणि म्हणूनच उपासना, पंथ, विधी असले जवळजवळ सगळे उल्लेख घातले नाहीत किंवा कापले, कारण धर्म गोष्टीतच मुरलेला आहे. लोणच्यात मीठ मुरतं तसं म्हणा, फोडीवर वेगळं दिसत नाही. टोल्किनची निवडक पत्रं १९८१ मध्ये पुस्तकरूपात आली आणि धार्मिक वाचन करणाऱ्यांना हे एक वाक्य म्हणजे हुकमाचा एक्काच मिळाला.

त्यामागे आयुष्यही तसंच आहे. आई मेबल १९०० मध्ये कॅथलिक झाली, नातलगांनी हात आखडता घेतला, १९०४ मध्ये ती मधुमेहाने गेली, इन्सुलिन अजून यायचं होतं, टोल्किन तेव्हा १२ वर्षांचे. पुढे बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतले (कॅथलिक धर्मगुरूंच्या मठातले) फादर फ्रान्सिस मॉर्गन त्यांचे पालक झाले. आईने श्रद्धेपायी जीव दिला असंच ते आयुष्यभर मानत राहिले.

पण हेच टोल्किन दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत साफ सांगतात की आपल्याला रूपककथा म्हणजे ॲलेगरी मनापासून आवडत नाही. रूपककथेत लेखक वाचकावर अर्थ लादतो, त्यापेक्षा वाचकाने आपापल्या अनुभवाला गोष्ट लावून बघावी, ते स्वातंत्र्य त्याचं. आपल्याला हा फरक भारुडावरून पटकन कळेल. एकनाथांचा विंचू चावतो तो काम-क्रोधाचा विंचू, तिथे दुसरा अर्थ काढायला जागाच नाही आणि नसावीच, भारुडाचं कामच ते. टोल्किनची अंगठी, म्हणजे जिचा नाश करायला फ्रोडो हा हॉबिट डूम पर्वताच्या आगीपर्यंत चालत जातो ती, तशी नाही. तिला अणुबॉम्ब म्हणा, सत्ता म्हणा, पाप म्हणा, दारूचं व्यसन म्हणा, थोडी थोडी सगळीकडे बसते आणि पूर्ण कुठेच बसत नाही. त्यांचे मित्र सी. एस. लुईस यांचं नार्निया (१९५०-५६) शेजारी ठेवलं की हे आणखी स्पष्ट होतं, तिथला सिंह अस्लान म्हणजे कोण हे सांगायला लागत नाही. टोल्किनना नार्निया फारसं रुचलं नाही, हे विशेष, कारण लुईस ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले त्यात १९३१ मध्ये ऑक्सफर्डला रात्री उशिरापर्यंत झालेल्या टोल्किनसोबतच्या गप्पांचा मोठा हात होता.

तरी खुणा आहेतच. अंगठीचा नाश होतो तो दिवस २५ मार्च, म्हणजे गॅब्रिएल देवदूताने मारियेला ख्रिस्त पोटी येणार असा निरोप दिला तो सण, आणि जुन्या परंपरेत ख्रिस्त क्रुसावर गेला तोही हाच दिवस. फ्रोडो आणि सोबतची मंडळी एल्फ या अमर लोकांच्या रिव्हेंडेलहून निघतात २५ डिसेंबरला. वाटेत लेम्बास नावाची एल्फांची भाकरी, एक खाल्ली की दिवसभराची चाल निघते आणि पोटापेक्षा जिद्दीलाच जास्त पुरते, तिच्यात वाचकांना मरणाऱ्याला देतात तो ख्रिस्तप्रसाद दिसला. एल्बेरेथ ही एल्फांची पूज्य तारकाराणी, तिच्या धाव्यात मारिया दिसली. यावर टोल्किनचं उत्तर साधारण असं की मोठ्या गोष्टी मनात असल्या की छोट्या गोष्टीला त्यांचा रंग लागतोच. इथवर ठीक. पण फ्रोडो म्हणजे क्रूस वाहणारा ख्रिस्त, जादूगार गँडाल्फ म्हणजे मरून उठलेला ख्रिस्त, राजपदाचा वारस ॲरागॉर्न म्हणजे राजा ख्रिस्त असे जोड्या जुळवा खेळणारे लेख वाचले की मला शाळेतल्या गाईडची आठवण येते, जुळतं सगळं पण कळत काहीच नाही.

धार्मिक वाचनाचा खरा फायदा शेवटी, डूम पर्वताच्या पोटात होतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आधी सिनेमा बघितलाय (२००३ चा तिसरा भाग) आणि तिथे फ्रोडो अंगठीसाठी पिसाटलेल्या गॉलमवर झेपावतो, झटापट होते, दोघं कडेवरून जातात, फ्रोडो लटकून वाचतो. पुस्तकात असं नाही. पुस्तकात फ्रोडो ऐनवेळी अंगठी आगीत टाकायला सरळ नकार देतो, ती माझी म्हणतो आणि बोटात घालतो, म्हणजे हजारेक पानं ज्याच्या पायांवर आपण चाललो तो हरतो. मग गॉलम त्याचं बोट चावून अंगठीसकट तोडतो, आनंदाने नाचायला लागतो, वर धरलेल्या अंगठीकडे बघत बघत कडेला जातो आणि तोल जाऊन पडतो. कुणी ढकलत नाही. गॉलम तिथवर जिवंत पोचला कारण आधी बिल्बोने (फ्रोडोआधी अंगठी ज्याच्याकडे होती तो), मग फ्रोडोने, आणि अगदी शेवटी फ्रोडोचा सोबती सॅम यानेही उगारलेली तलवार आवरून दया केली. टोल्किन पत्रात हा प्रसंग ‘आम्हाला परीक्षेत आणू नकोस, वाइटापासून सोडव’ या प्रार्थनेजवळ नेऊन ठेवतात. माणसाची ताकद संपते तिथे आधी केलेली दया कामाला येते, याला कॅथलिक लोक कृपा म्हणतात, आणि हे माहीत असलं की तो घसरलेला पाय लेखकाची पळवाट वाटत नाही. पण धर्म बाजूला ठेवूनही उत्तर मिळतं बरं का. थोडंच आधी फ्रोडोने गॉलमला बजावलेलं असतं की परत मला हात लावलास तर तूच आगीत पडशील, आणि गॉलमने शपथही त्या अंगठीचीच घेतलेली. शपथ मोडली, शाप लागला, जुन्या उत्तर युरोपी कथांचा हा रोखठोक न्याय.

ती दुसरी बाजूही दणकट आहे. बुटक्यांची नावं आणि गँडाल्फचं नावसुद्धा जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन) एड्डा काव्यातून घेतलेलं, खुद्द गँडाल्फ भटक्या ओडिन देवासारखा आहे असं टोल्किननीच लिहिलंय. इतिहासकार रोनल्ड हटन तर टोल्किनमधल्या या ख्रिस्तपूर्व, पेगन बाजूवर जोर देतात. वाचकांनीही पुस्तक कुठे कुठे नेलं, साठच्या दशकात अमेरिकेतल्या हिप्पींनी उचललं, १९७७ मध्ये इटलीतल्या नवफॅसिस्ट तरुणांनी आपल्या शिबिराला ‘कँप हॉबिट’ नाव दिलं. लेखकाची श्रद्धा पुस्तकाला राखण बसत नाही.

ऑर्क, म्हणजे गोष्टीतले शत्रूचे राक्षसी सैनिक, हा सगळ्यांत अडचणीचा मुद्दा. अख्खी जमात सुधारण्यापलीकडे दुष्ट, हे ख्रिस्ती मताला धरून आहे का, असं कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी विचारलं. १९६५ मधलं टोल्किनचं उत्तर असं की गोष्ट धर्मशास्त्राच्या चौकटीत बसवायला मी बांधील नाही, ख्रिस्ती विचाराशी सुसंगत असावी एवढाच हेतू. म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी भाकरी!

सगळ्या कथेत धर्मविधीच्या जवळ जाणारा प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, त्यातला एक सेनानी फारामिरच्या गुहेतला, फ्रोडो तिथे पाहुणा असताना. जेवायच्या आधी तो आणि त्याची माणसं उठून पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर गप्प उभी राहतात, पूर्वजांच्या बुडालेल्या नुमेनॉर बेटाकडे आणि त्याच्याही पलीकडे. तुमच्यात असं काही करत नाहीत का, असं तो विचारतो. फ्रोडोला एकदम गावंढळ वाटतं. नाही, म्हणतो, पण पाहुणे असलो तर यजमानाला वाकून नमस्कार करतो, आणि जेवण झालं की उठून आभार मानतो. ते आम्हीही करतो, फारामिर म्हणतो, आणि सगळे जेवायला बसतात.