उन्हाळी शिबिरात डॉक्टर किंवा नर्स म्हणून सेवा द्यायचीय? अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्याच दिवसांत सातपुड्यात पाल, तोरणमाळकडे मुलांची निवासी शिबिरं भरतात. तिथे विनामोबदला सेवा द्यायला डॉक्टर आणि नर्स मनापासून पुढे येतात, आणि त्यांचे अर्ज परत येतात. कारणं दरवर्षी तीच.

यासाठी शासनाचा एकच ठरलेला अर्ज नाही, आयोजक संस्था आपापला नमुना देते. आधार, फोटो, पदवी-पदविकेची प्रत हे सगळ्यांकडे असतं. डॉक्टरांना आपापल्या वैद्यकीय परिषदेची आणि जीएनएम (नर्सिंगची पदविका), बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी लागते. इंटर्नची तात्पुरती नोंदणी इंटर्नशिपपुरतीच असते, त्यामुळे त्यांनी मदतनीस म्हणूनच जावं.

सगळा घोळ ‘चालू’ या शब्दावर होतो. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र जोडून लोक निर्धास्त होतात. नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट (वैद्यकीय परिषदा, कार्यशाळांना हजर राहून मिळणारे गुण) लागतात. एप्रिलमध्ये ते कुठून गोळा करणार? तारीख आजच बघा. आपल्याकडे सुरत, इंदूरला शिकून आलेले बरेच आहेत. त्यांची नोंदणी तिकडच्या परिषदेत असेल, तर तिथलं ना-हरकत घेऊन इकडे नोंदणी करण्यात महिने जातात. ते काम हिवाळ्यातच उरका.

नर्स भगिनींचा अर्ज बहुतेक वेळा नावावर अडतो. नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडली की प्रश्न मिटतो, पण ज्यांनी लग्नाची नोंदणीच केलेली नाही त्यांनी आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका गाठावी.

सर्वांत चिवट कागद म्हणजे पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. पोक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) नियम, २०२० प्रमाणे मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी बंधनकारक आहे, आणि जबाबदार आयोजक स्वयंसेवकांनाही तीच अट लावतात. ती योग्यच आहे. अडचण अशी, की पोलिसांच्या ऑनलाइन अर्जाला संस्थेचं पत्र जोडावं लागतं आणि संस्था म्हणते आधी प्रमाणपत्र आणा, मग पत्र देऊ. यात अर्जदाराने का भरडलं जावं? निवडीचं नको, ‘पडताळणीसाठी’ एवढंच लिहिलेलं पत्र मागा. संस्थेला ते द्यायला काहीच हरकत नसते. अर्ज मार्चमध्ये करा आणि सध्या राहता तोच पत्ता द्या. नोकरी धुळ्यात आणि पत्ता शहाद्याचा दिला, तर कागद दोन पोलीस ठाण्यांत फिरत राहतो.

सरकारी नोकरीत असाल तर नुसती रजा मंजूर होऊन भागत नाही, मुख्यालय सोडण्याची परवानगीही लेखी घ्या. व्यावसायिक दायित्व विमा (उपचारात चूक झाल्याचा दावा झाला तर कामी येणारा) स्वतःच्या नावाचा आहे का तेही तपासा. रुग्णालयाच्या पॉलिसीत बाहेरच्या शिबिरातलं काम धरलेलं असेलच असं नाही.

नर्स एकटी जाणार असेल तर माझा आग्रह आहे: डॉक्टरांच्या सहीचे लेखी औषध-आदेश हातात असल्याशिवाय होकार देऊ नका. ‘फोनवर विचारून द्या’ हे तोरणमाळच्या रेंजमध्ये चालत नाही.

मुलांचे आरोग्य फॉर्म शिबिराच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी मागा. त्यात पालकांची उपचार-संमती आणि चालू असलेल्या फोन नंबरांबरोबर सिकलसेलचा (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा) रकाना हवाच. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे. अशा मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि खान्देशच्या उन्हात ते व्हायला एक दुपार पुरते. रकाना कोरा असेल तर पालकांना स्वतः फोन लावा.

शेवटी आयोजकांना विचारा: सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, आणि १०८ यायला उशीर झाला तर गाडी कोणाची? ती गाडी रात्री शिबिरातच थांबणार की चालक घरी जाणार, हे लेखी घ्या.