टेंगूळ आलं, आता बघायचं काय?

दीड वर्षाचं मूल पलंगावरून खाली येतं, डोकं फरशीवर आपटतं आणि पाच मिनिटांत कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ उभं राहतं. घरातलं कुणी ‘मुंगी मेली, मुंगी मेली’ म्हणत फरशीला चापट मारतं, कुणी तेलाची बाटली आणतं, कुणी तळहाताने टेंगूळ खसाखसा चोळायला लागतं. यातलं मुंगीचं तेवढं ठीक आहे. चोळल्याने कातडीखालच्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या मिटायच्या ऐवजी आणखी वाहतात आणि टेंगूळ वाढतं.

या वयात आधी डोकंच का आपटतं, याचं उत्तर शरीराच्या मापात आहे. मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण आठवा हिस्सा असतं, दोन वर्षांच्या मुलाचं पाचवा. वजन वरच्या बाजूला, पाय नवशिके. तोल गेला की हात टेकायच्या आत डोकं पोचलेलं असतं. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट असतात आणि तिच्याखाली लगेच हाड. साठलेल्या रक्ताला आत जायला जागा नाही, म्हणून ते बाहेर फुगतं. हे रक्त कवटीच्या बाहेरचं असतं. त्यामुळे टेंगूळ किती मोठं यापेक्षा ते कुठे आलंय आणि मूल कसं वागतंय, हे जास्त महत्त्वाचं.

कपाळाचं हाड जाड असतं. कानाच्या वरचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे तडा जाऊन धमनी फाटली, तर हाड आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. मूल काही वेळ ठीक दिसतं आणि मग सुस्तावत जातं. म्हणून दोन वर्षांखालच्या मुलाला डोक्याच्या बाजूला किंवा मागे टेंगूळ आलं असेल, विशेषतः हाताला पिचपिचीत लागत असेल, तर ते हसत-खेळत असलं तरी वाट न बघता डॉक्टरांना दाखवावं. सहा महिन्यांखालच्या बाळाला कुठेही लागलं तरी हाच नियम.

हे नुसते अंदाज नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मेंदूला गंभीर इजा होती एक टक्क्याहूनही कमी मुलांना. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यातून सहा प्रश्न निघाले: शुद्ध हरपली होती का, आणि पाच सेकंद किंवा जास्त का? मूल गुंगीत किंवा फार चिडचिडं आहे का? कपाळ सोडून इतरत्र टेंगूळ आहे का? हाताला हाड तुटल्यासारखं लागतं का? ९० सेंटिमीटरहून जास्त उंचीवरून पडलं का? आणि आईवडिलांना ते नेहमीसारखं वाटतंय का? सगळी उत्तरं समाधानकारक असली, तर गंभीर इजेची शक्यता ०.०२ टक्क्यांहूनही कमी. म्हणूनच डॉक्टर दर वेळी सीटी स्कॅन सांगत नाहीत. त्यातल्या किरणांचा धोका लहान मुलांना जास्त असतो. शेवटचा प्रश्न आईवडिलांच्या नजरेवर सोडलाय, हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

आता ९० सेंटिमीटर म्हणजे किती? पलंग साधारण दीड फुटाचा, तो यात बसत नाही. स्वयंपाकाचा ओटा पावणेतीन-तीन फूट, म्हणजे सीमेवर. उभ्या माणसाच्या कडेवरून निसटलेलं मूल मात्र नक्की या मापाच्या वरून पडतं.

घरी करायचं ते थोडंच. मुलाला मांडीवर घेऊन शांत करा. बर्फ रुमालात गुंडाळून पाच-दहा मिनिटं नुसता टेकवा. उघडा बर्फ कातडीला लावू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबा, मधेमधे उचलून बघू नका. हाड दबल्यासारखं लागत असेल, तर तिथे जोर देऊ नका.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, दर किलो वजनाला जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम, आणि पुढचा डोस सहा तासांनी. घोळ होतो तो बाटलीत. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या थेंबांचे दीड मिलिलिटर. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमच्या सिरपचे तीन मिलिलिटर. थेंबांची बाटली ‘एक चमचा’ हिशेबाने दिली, तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम जातात. आयबुप्रोफेन टाळा. गुंगी आणणारं सर्दीचं औषधही नको. मग झोप औषधाची की माराची, हे कळत नाही.

‘झोपू देऊ नका’ हा सल्ला जुना. झोपेची वेळ असेल आणि पडल्यावर मूल नेहमीसारखं वागलं असेल, तर खुशाल झोपू द्या. पहिल्या रात्री दोन-तीनदा हलवून बघा. कुरकुरत कूस बदललं की पुरे. रडून रडून एखादी उलटी होते. तीन झाल्या किंवा काही तासांनी नव्याने सुरू झाल्या, तर रुग्णालय गाठा.

शुद्ध हरपली का, हे ठरवताना एक गोष्ट फसवते. काही मुलं जोरात रडता रडता श्वास रोखतात, ओठ निळे पडतात आणि काही क्षण अंग ढिलं होतं. आधी रडणं आणि मग ढिलं पडणं, असा याचा क्रम. आपटल्या आपटल्या गप्प होणं वेगळं. क्रम नक्की आठवत असेल, तर डॉक्टरांना तोच आधी सांगा.

झटका (फिट), उठवूनही नीट न उठणं, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव किंवा रक्त, डोळ्यांच्या लहानमोठ्या बाहुल्या, एक हात किंवा पाय कमी हलवणं, शांत बसल्यावरही फुगलेली टाळू: यातलं काहीही दिसलं तर १०८. उंचावरून पडलेलं मूल हलत नसेल तर उचलू नका. उलटी होत असेल तर डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा.

बाकी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावरचं टेंगूळ उतरलेलं असतं आणि पापणी मात्र निळीजांभळी दिसते. तेच रक्त वजनाने खाली ओघळलेलं असतं. पुढे ते हिरवट होतं, मग पिवळं. पण मार कपाळाला नसताना दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं दिसलं, तर ते कवटीच्या तळाला तडा गेल्याचं चिन्ह असू शकतं. तेव्हा लगेच रुग्णालयात न्या.