पार्श्वभूमी: ब्रिटनचा नोंदींतला उन्हाळा आणि आठवणींतला उन्हाळा

2025 चा जून ते ऑगस्ट हा काळ ब्रिटनच्या 1884 पासूनच्या देशव्यापी नोंदींत सर्वांत उष्ण उन्हाळा ठरला. सरासरी तापमान 16.10 अंश. आधीचा विक्रम 2018 चा होता, 15.76 अंशांचा. या नव्या क्रमवारीत 1976 चा उन्हाळा पहिल्या पाचांतूनही बाहेर फेकला गेला आणि तिथेच वादाला तोंड फुटलं. ज्यांनी 1976 अनुभवलं त्यांना हे पटेना. हवामानाचा नाद असलेल्या मंडळींतही दोन तट पडले. एका गटाच्या मते आकडा म्हणजे शेवटचा शब्द. दुसऱ्या गटाच्या मते ज्या ऋतूची पन्नास वर्षांनीही आठवण निघते, त्याला पहिल्या पाचांत न धरणारी मोजपट्टीच अपुरी आहे. मी दुसऱ्या गटाकडे झुकतो, हे आधीच सांगून टाकतो.

कारण 1976 मध्ये जे घडलं ते सरासरीत मावणारं नव्हतं. 23 जून ते 7 जुलै असे सलग 15 दिवस इंग्लंडमध्ये कुठे ना कुठे पारा 32.2 अंशांवर, म्हणजे जुन्या हिशेबाने 90 फॅरनहाइटवर गेला. 3 जुलैला चेल्टनहॅमला 35.9 अंश नोंदले गेले. 2025 चा उच्चांक फॅव्हरशॅमचा, 35.8 अंश, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाने कमीच. 2025 मध्ये उष्णतेच्या चार लाटा आल्या खऱ्या, पण एकही फार टिकली नाही. सरासरी वर चढली त्यात रात्रींचा मोठा हात होता. किमान तापमान सतत चढं राहिलं, भोवतालचा समुद्र वसंतापासूनच तापलेला होता. रात्री दोन अंशांनी उबदार झाल्या की सरासरी हलते. माणसाच्या लक्षात राहतो तो करपलेला हिरवळीचा पट्टा. शिवाय 1976 च्या उन्हाचा वाटा वायव्य स्कॉटलंडला कमीच मिळाला होता, त्यामुळे देशाची सरासरी तशीही खाली ओढली गेली होती.

(उष्णतेची लाट म्हणजे तिथे काय, तर जिल्ह्यानुसार 25 ते 28 अंशांची ठरलेली पातळी सलग तीन दिवस गाठणं. आपल्याकडे मैदानी भागात 40 अंशांच्या आत लाटेचा विचारही होत नाही. नागपूरकरांनी हसायला हरकत नाही, पण थंडी अडवून धरण्यासाठी बांधलेल्या घरांत 30 अंश म्हणजे काय हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.)

1976 ची गोष्ट त्या वर्षात सुरूही होत नाही. 2 जून 1975 ला डर्बीशरमधल्या बक्स्टनच्या मैदानावर बर्फ पडल्याने काउंटी क्रिकेटचा दिवसाचा खेळ रद्द झाला होता. त्यानंतर हवा पालटली ती अशी की उन्हाळा कोरडा, पाठोपाठचा हिवाळा कोरडा, पुढचा वसंतही कोरडा. 1976 च्या ऑगस्टपर्यंत जलाशयांचे तळ दिसू लागले. वेल्स आणि डेव्हनमध्ये रस्त्यावरच्या सार्वजनिक नळांवर रांगा लागल्या. संसदेने घाईने दुष्काळाचा कायदा केला, एका मंत्र्याकडे दुष्काळाचं खातं सोपवलं आणि काही दिवसांत पाऊस सुरू झाला. सप्टेंबर-ऑक्टोबर धो धो गेले. त्या मंत्र्याची थट्टा आजही चालते.

जुना काळ थोडक्यात आटोपतो. लिंकनशरमधल्या एका पाद्र्याने 1337 ते 1344 अशी सात वर्षं हवेची रोजनिशी ठेवली होती. उपकरणांनी मोजलेल्या तापमानाची मध्य इंग्लंडची मासिक मालिका 1659 पासून सलग आहे, जगात इतकी लांब दुसरी नाही. तिच्यातला सर्वांत थंड हिवाळा 1683-84 चा, सरासरी उणे 1.2. थेम्स गोठली, तिच्यावर बाजार भरला. असा शेवटचा बाजार 1814 मधला. पुढे 1831 मध्ये जुना लंडन पूल पाडला गेला, नदीचा प्रवाह मोकळा झाला आणि ती शक्यता उरली नाही. 1816 चा जुलै 13.4 अंशांचा, मालिकेतला सर्वांत थंड. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, हा त्याचाच परिणाम मानतात. एवढं पुरे.

आता कारणाकडे. ब्रिटन अटलांटिकच्या कडेला, जेट प्रवाहाच्या, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्यांच्या, वाटेवर बसलेलं बेट आहे. तो प्रवाह डोक्यावरून सरळ पश्चिमेकडून वाहत राहिला की पाऊस, वारा, ढग, मग पुन्हा पाऊस, असा ओळखीचा कंटाळवाणा ऋतू होतो. तो वाकडा होऊन एखादा उच्च दाबाचा पट्टा वाटेत ठाण मांडून बसला की लक्षात राहणारा ऋतू होतो. हिवाळ्यात या खेळाचा मोठा सूत्रधार म्हणजे आइसलँडजवळचा कमी दाब आणि अझोर्सजवळचा जास्त दाब यांतला फरक. तो घटला की पूर्वेकडची थंडी आत शिरते. या हेलकाव्याला उत्तर अटलांटिक आंदोलन हे नाव मिळालं त्यात भारताचा संबंध आहे. भारतीय हवामान खात्याचा प्रमुख म्हणून आलेला एक ब्रिटिश गणितज्ञ मॉन्सूनचा अंदाज आधी कसा बांधता येईल हे शोधण्यासाठी जगभरच्या दाबाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहत होता. पॅसिफिकचं दक्षिणी आंदोलन त्यातूनच पुढे आलं आणि हेही. आपल्या दुष्काळांनी सुरू केलेला शोध लंडनच्या थंडीपर्यंत पोचला.

गेल्या शतकातले दोन हिवाळे या ठाण मांडण्याचे नमुने आहेत. 1947 चा जानेवारी मध्याला सौम्य होता, मग 22 जानेवारी ते 17 मार्च रोज देशात कुठे ना कुठे बर्फ पडला. युद्धानंतरची कोळशाची टंचाई, त्यात ही थंडी आणि वितळताना आलेले पूर. 1962-63 ची मध्य इंग्लंडच्या मालिकेतली सरासरी उणे 0.3, म्हणजे 1739-40 नंतरची नीचांकी. नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा बर्फ अनेक ठिकाणी मार्चच्या सुरुवातीपर्यंत हलला नाही, आग्नेय इंग्लंडमधल्या हर्न बेला किनाऱ्यालगतचा समुद्र गोठला. फुटबॉलचे सामने इतके रद्द झाले की निकालांवर चालणारा पैजांचा धंदा बसायला आला. मग न झालेल्या सामन्यांचे निकाल काय लागले असते हे ठरवायला जाणकारांचं एक मंडळ नेमलं गेलं. हे पद मला मिळालं असतं तर मी हवामान सोडलं असतं.

या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त चघळला गेलेला निर्णय मात्र 2010 च्या मार्चमधला, जनतेसाठीचे हंगामी अंदाज बंद करण्याचा आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल.

2007 आणि 2008 चे उन्हाळे पावसात वाहून गेले होते. लोक वैतागलेले. 2009 च्या एप्रिलअखेरीस ब्रिटनच्या सरकारी हवामान खात्याने उन्हाळ्याचा अंदाज दिला: तापमान सरासरीपेक्षा जास्त आणि पाऊस सरासरीइतका किंवा कमी राहण्याची शक्यता अधिक. शक्यतेचा आकडा 65 टक्के. पण प्रसिद्धी पत्रकात हौसेने एक शब्दप्रयोग घातला गेला, ‘बार्बेक्यू समर’. टक्केवारी बातमीच्या तळाशी गेली आणि शब्द मथळ्यावर. जूनच्या शेवटी ऊन पडलंही, मग जुलै पावसात बुडाला. खात्याला महिनाअखेरीस अंदाज बदलावा लागला. वृत्तपत्रांनी जे केलं ते सांगायला नको. मौज अशी की तापमानाचा भाग साफ चुकला नव्हता. पण सुट्टीच्या दिवशी भिजत शेगडी पेटवणाऱ्याला हे सांगून उपयोग नाही.

पाठोपाठ 2009-10 चा हिवाळा आला. अंदाजाचं पारडं सौम्य हिवाळ्याकडे झुकलेलं होतं. प्रत्यक्षात 1978-79 नंतरचा सर्वांत थंड हिवाळा आला, आणि 7 जानेवारी 2010 च्या उपग्रह चित्रात अख्खं बेट पांढरं दिसलं. मार्चमध्ये खात्याने जाहीर केलं की जनतेसाठी हंगामी अंदाज यापुढे देणार नाही, महिन्याभराचा अंदाज देऊ. नियोजन करणाऱ्या यंत्रणांसाठी तिमाही अंदाज चालू राहिला.

निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मॉन्सूनला एल निनोसारखा मोठा आधार असतो, ब्रिटनच्या उन्हाळ्याला तसा भक्कम आधार जवळजवळ नाहीच. 65 टक्के म्हणजे तीनपैकी एकदा उलटं होणार, आणि ते एकदा झालं की बाकीचे दोन कुणी मोजत नाही. आपल्याकडे नक्षत्राचं वाहन बेडूक निघून पाऊस नाही आला तर पंचांगकर्त्याला कुणी जाब विचारत नाही. करदात्यांच्या पैशावरच्या महासंगणकाला मात्र विचारतात. चुकीचं समजला जाणारा अंदाज देण्यापेक्षा न दिलेला बरा, असा तो हिशेब होता.

तरीही माझ्या मते तो निर्णय शास्त्रापेक्षा अब्रूच्या पोटी घेतलेला होता. चूक शब्दाची होती, शिक्षा अंदाजाला झाली. आणि यंत्रणांसाठी चालू ठेवलेला तिमाही अंदाज लपून थोडाच राहतो? 2012 च्या मार्चमध्ये त्यात एप्रिल ते जून किंचित कोरडे, आणि त्यातही एप्रिल सर्वांत कोरडा असण्याकडे हलका कल दाखवला होता. 5 एप्रिलपासून आग्नेय इंग्लंडमध्ये होजपाइप बंदी, म्हणजे रबरी नळीने बागेला वगैरे पाणी घालायला मनाई, लागू झाली, आणि 1910 पासूनच्या नोंदींतला सर्वांत ओला एप्रिल सुरू झाला. पुढचा उन्हाळाही 1912 नंतरचा सर्वाधिक ओला. अंदाजाचा कागद बाहेर आला तेव्हा टीका झालीच. जनतेला तो समजावून सांगण्याची संधी मात्र आधीच घालवलेली होती.

त्याहून बोचणारी गोष्ट 2014 ची. त्याच खात्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की उत्तर अटलांटिक आंदोलनाचा हिवाळ्यातला कल काही महिने आधी कामचलाऊ खात्रीने सांगता येतो. त्याआधीच्या 20 हिवाळ्यांवर तपासल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला सहसंबंध 0.6 च्या आसपास निघाला (1 म्हणजे पूर्ण जुळणी). पूर्ण भरवसा ठेवावा इतका नाही, पण रस्त्यांवर टाकायचं मीठ किती साठवायचं हे ठरवायला पुरेसा. म्हणजे दुकान बंद केलं आणि चार वर्षांत विकण्याजोगा माल हाती आला. उन्हाळ्याचं कोडं तेव्हाही सुटलं नव्हतं हे खरं. पण हिवाळा आणि उन्हाळा एकाच तागडीत तोलून दोन्ही बंद करणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही.

आता नीरस ऋतूंबद्दल, ज्यांच्यावर कुणी लिहीत नाही. उच्च दाब म्हणजे निरभ्र आकाश असं शाळेत शिकवतात. ब्रिटनच्या थंडीत बरेचदा उलटं घडतं: उच्च दाबाखाली उबदार हवेचं झाकण बसतं, त्याखाली समुद्राची ओल कोंडते आणि करड्या ढगांचा सपाट थर दिवसेंदिवस हलत नाही. वारा नाही, पाऊस नाही, दंव नाही, सावलीही नाही. 2024 च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला अनेक ठिकाणी असे बिनसूर्याचे दिवस एकामागून एक गेले. छंदी माणसाच्या वहीत अशा दिवसांपुढे लिहायला काही नसतं. पूर्वी निदान उन्हाची नोंद काचेच्या गोळ्याने व्हायची. गोळ्यातून एकवटलेलं ऊन खालच्या कार्डावर करपलेली रेघ ओढायचं, आणि संध्याकाळी ती रेघ मोजायची. कार्ड कोरं निघालं की ते कोरेपण हातात तरी धरता यायचं. आता इलेक्ट्रॉनिक उपकरण शून्य दाखवतं.

नीरस कशाला म्हणायचं हेही सरकत आलं आहे. ‘सरासरी’ ज्यावरून ठरते तो तुलनेचा काळ 1961-1990 वरून आता 1991-2020 वर आला. तीस वर्षांपूर्वी ‘उबदार’ म्हणून नोंदला गेला असता असा हिवाळा आज ‘साधारण’ या रकान्यात जाऊन पडतो आणि कुणाचं लक्ष जात नाही. उलट बाजूला विक्रमांची गर्दी झाली आहे. 2015 चा डिसेंबर मध्य इंग्लंडमध्ये 9.7 अंशांचा, वसंतात शोभावा असा, आणि त्यातच कंब्रियातल्या हॉनिस्टरला 24 तासांत 341.4 मिलिमीटर पाऊस. 2020 चा फेब्रुवारी नोंदींतला सर्वांत ओला, आणि लगेच टाळेबंदीतला 626 तास उन्हाचा वसंत. 19 जुलै 2022 ला कॉनिंग्सबीला 40.3 अंश, म्हणजे 2019 चा केंब्रिजचा 38.7 चा विक्रम दीड अंशाहून जास्त फरकाने मोडला. 2025 च्या वसंताने 653 तासांसह 2020 लाही मागे टाकलं. 2015 पासून वादळांना नावं मिळू लागली, त्यामुळे पूर्वी नुसता ‘तो वाऱ्याचा आठवडा’ म्हणून विसरला गेला असता असा प्रसंगही नावानिशी ध्यानात राहतो.

थंडीच्या बाजूला मात्र रकाने रिकामे आहेत. मध्य इंग्लंडच्या मालिकेत शून्याखाली सरासरी गेलेला शेवटचा महिना म्हणजे डिसेंबर 2010, उणे 0.7. त्याहून थंड डिसेंबर त्या मालिकेत एकच, 1890 चा. त्याआधीचा शून्याखालचा महिना फेब्रुवारी 1986 मध्ये सापडतो, म्हणजे मध्ये 24 वर्षांचं अंतर. 2018 च्या फेब्रुवारीअखेर पूर्वेकडून आलेल्या थंडीने रस्ते बंद पाडले, पण महिन्याची सरासरी काही शून्याखाली गेली नाही. 2025 संपेपर्यंत तसा दुसरा महिना आलेला नाही. दरवर्षी नोव्हेंबर लागला की छंदी मंडळी थंडीची चाहूल लागते का पाहायला ध्रुवावरच्या उंच वाऱ्यांचे नकाशे उघडून बसतातच.